लच्छूभाईच्या टोटल लॉस गाड्या

जुन्या गाड्यांच्या धंद्यात गाडी हातात राहत नाही, राहतात ते किस्से. एक सांगायला घेतला की त्याच्यामागून दुसरा येतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं, हा माणूस थापा मारतोय. वाटू दे. त्या काळात आम्हीही कुणावर विश्वास ठेवत नव्हतो.

आम्ही म्हणजे तिघं. मी कांबळे, अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर. लच्छूभाई सिंधी, त्याचं उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये स्पेअर पार्टचं दुकान आणि मागे पत्र्याची शेड. तिसरा शिरगावचा पाटील, चेपलेला पत्रा ठोकून सरळ करणारा डेंटर. ठोकलेली, बुडालेली, जळालेली गाडी विमा कंपनी ‘टोटल लॉस’ म्हणून ताब्यात घ्यायची आणि लिलावात काढायची. त्यातल्या जुन्या मॉडेलवर लच्छूभाईचा जीव. आम्ही ती उचलायचो, शेडमध्ये दुरुस्त करून उभी करायचो आणि एखाद्या शौकिनाला विकायचो.

लच्छूभाईचं म्हणणं एकच. लिलावातली प्रत्येक गाडी काहीतरी लपवते. ते घेण्याआधी कळलं तर धंदा, नंतर कळलं तर अनुभव.

* * *

एकदा कल्याणच्या यार्डात एक जुनी फियाट आली. पुढचं तोंड चेपलेलं, पण आतून एकदम चकाचक. मला बघताक्षणी आवडली. लच्छूभाईने दार उघडून डोकं आत घातलं आणि लगेच बाहेर काढलं. आत मोगऱ्याच्या अत्तराचा घमघमाट सुटला होता.

“साईं, ठोकलेल्या गाडीला अत्तर कोण लावतो?”

मालक हौशी असेल, असं मी म्हटलं. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही, पाटीलला मागची सीट उचलायला सांगितली. सीटखाली गाळ वाळून तडकला होता आणि त्या गाळात बोटाएवढी एक मासोळी, कडक वाळलेली. म्हणजे गाडी आधी पुरात बुडाली होती, ठोकली गेली ती नंतर. लच्छूभाई निघालाच होता. पाटीलने मासोळी तळहातावर घेऊन उलटसुलट केली.

“थांब शेठ. ही गोड्या पाण्यातली हाय. गाडी नदीत बुडालीय, खाडीत नाय. पत्र्याला मीठ लागलेलं नाय. घेऊया.”

घेतली. चांगली निघाली. अत्तराचा वास मात्र शेवटपर्यंत गेला नाही.

* * *

अँबॅसिडरच्या वेळी मात्र फसलो. वरून काळी कुळकुळीत, विमा कंपनीच्या सर्व्हेअरच्या रिपोर्टप्रमाणे एकच अपघात, मागून ट्रकने धडक दिलेली. शेडमध्ये आणून पाटीलने रंग खरवडायला घेतला. पुढच्या अर्ध्या भागात काळ्याखाली निळा लागला, मागच्या अर्ध्यात हिरवा. पायाखालचं मॅट उचललं, तर मधोमध वेल्डिंगची जाडजूड रेघ. दोन गाड्यांचे धड भाग जोडून एक केली होती.

लच्छूभाई संतापून त्या सर्व्हेअरला गाठायला गेला. रिपोर्टमध्ये एकच अपघात कसा लिहिला, असं त्याला विचारलं. तो शांतपणे चहा पीत होता.

“बरोबरच लिहिलंय,” तो म्हणाला. “आधीचे दोन अपघात ह्या गाडीचे नव्हतेच. तेव्हा ही गाडी कुठे होती?”

लच्छूभाई परत आला आणि त्याने स्वतःसाठीही चहा मागवला.

* * *

लिलावात जी गाडी हवी तिच्याकडे बघायचंच नाही, हा आमचा नियम. लच्छूभाई दुसऱ्याच एखाद्या भंगाराभोवती घुटमळायचा, खाली वाकून बघायचा, मला बाजूला घेऊन कानात कुजबुजायचा. कुजबुजण्यात काही नसायचं, दुपारी जेवायचं कुठे एवढंच. पण बाकीचे व्यापारी त्या भंगारामागे लागायचे आणि आमची गाडी मोकळी राहायची.

एकदा एक जुनी डॉज आली होती. लच्छूभाई नेहमीप्रमाणे लांब एका मोडक्या टेम्पोपाशी गेला. तिथे कुर्ल्याचा एक व्यापारी आधीच वाकून उभा होता, आपल्या माणसाच्या कानात काहीतरी सांगत. लच्छूभाईला संशय आला, ह्याला टेम्पोत काय दिसलं? त्यालाही तोच संशय आला. दोघं इरेला पेटले, टेम्पोची बोली चढतच गेली, आणि शेवटी तो आमच्या गळ्यात पडला. तेवढ्यात डॉज एका शाळामास्तराला मिळाली. तो जावयाबरोबर सहज बघायला आला होता.

परतताना लच्छूभाई म्हणाला, “मास्तर वाटत नाय मला तो.”

* * *

जळालेल्या गाडीची गोष्ट वेगळी. एक हेराल्ड आली होती, आतून कोळसा झालेली. मालकाचं म्हणणं, चालती गाडी वायरिंगमुळे पेटली, जीव वाचवून कसाबसा उडी मारून बाहेर पडलो. विमा मिळाला होता, आमचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. पण पाटीलला सवय होती, काम सुरू करण्याआधी डॅशबोर्डवरच्या देवाला हात लावून पाया पडायचं. माझ्या घरी बाबासाहेब आणि बुद्ध, त्यामुळे मी लांब उभा. पाटीलने हात पुढे केला आणि तसाच थांबला.

डॅशबोर्डवर देव बसवल्याची भोकं होती. देव नव्हता, राख नव्हती, स्क्रूसुद्धा नव्हते. चारही स्क्रू कुणीतरी नीट फिरवून काढले होते.

पाटील माझ्याकडे वळून म्हणाला, “आग लागली तवा माणसाने उडी मारली. देव मात्र सावकाश उतरला.”

त्या गाडीला त्याने हात लावला नाही. आम्ही ती सुट्ट्या भागांत विकली.

* * *

आणि ती मॉरिस मायनर. राखाडी रंगाची, पन्नासच्या दशकातली. डावीकडून पूर्ण आत गेलेली, ड्रायव्हरची बाजू मात्र जशीच्या तशी. पण ड्रायव्हरचं दार काही केल्या उघडेना. मी ओढलं, लच्छूभाईने शिव्या घातल्या, पाटीलने पट्टी घालून बघितलं. बऱ्याच दिवसांनी पाटीलच्या लक्षात आलं, दार आधी किंचित वर उचलायचं, मग आपल्याकडे ओढायचं. बिजागरी जुनी, कधीची झिजलेली. बिजागरी तशीच ठेवून बाकी गाडी आम्ही उभी केली. शहाडच्या एका माणसाने ती लेकीच्या लग्नासाठी ठरवली होती. अडलं होतं ते कागदांपाशी. नाव बदलायच्या फॉर्मवर जुन्या मालकाची सही राहून गेली होती.

निरोप धाडला, तसे ते स्वतः आले. साठीचे गृहस्थ, इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोलणं कमी. लच्छूभाईने खुर्ची दिली, ते बसले नाहीत. गाडी कुठे आहे, एवढंच विचारलं.

मी शेडमध्ये घेऊन गेलो. ताजा रंग चमकत होता. ते तिच्याभोवती फिरले. डाव्या बाजूला थोडे थांबले, तिथल्या नव्या पत्र्यावरून हात फिरवला. मग ड्रायव्हरच्या बाजूला आले. दार अडकतं, असं सांगायला मी तोंड उघडणार होतो. त्यांनी मूठ धरली, किंचित वर उचलली आणि ओढली. दार आवाज न करता उघडलं.

ते आत बसले नाहीत. डावीकडच्या रिकाम्या सीटकडे बघत उभे राहिले. मग दार तसंच उचलून लावलं.

“ही आमची गाडी नाही,” ते म्हणाले.

लच्छूभाईचा चेहरा उतरला. नंबर तोच, चासी नंबर तोच, सगळे कागद त्यांच्याच नावाचे. मालकच नाही म्हणाला तर चोरीची गाडी म्हणून आम्ही तिघंही पोलीस कोठडीत जाणार. कुणावरही उखडायला एरवी त्याला एवढंसं निमित्त पुरायचं. त्या दिवशी त्याने कागद काढून नंबर परत वाचायला घेतले. पाटीलने हातोडी खाली ठेवली.

त्या गृहस्थांनी शर्टाच्या खिशातून चष्मा काढला, डोळ्यांना लावला आणि लच्छूभाईपुढे हात केला.

“पेन द्या. सही कुठे करायची?”