शेवटचा रकाना

काही प्रकरणे आठवावी लागतात. हे आठवावे लागत नाही. कोणी समोर कोरा कागद ठेवला की ते आपोआप येऊन उभे राहते. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले आणि घरी जाऊन व्यवस्थित जेवलोही. या प्रकरणात रक्त सांडले नाही, गुन्हाही दाखल झाला नाही, तरी ते अजून घशाखाली उतरलेले नाही. नावे कोणाचीच सांगणार नाही. त्या माणसांनी पुरेसे भोगले आहे, आणि त्यातले थोडे माझ्यामुळे भोगले आहे.

तेव्हा मी नाशिकच्या एका पोलीस ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. परदेशी नोकरीला जाणाऱ्याला पोलिसांचा दाखला लागतो. या माणसावर गुन्हा नाही, चौकशी नाही, एवढेच त्यात म्हटलेले असते. पासपोर्ट कार्यालयाकडून कागद येतो, आमचा हवालदार पत्त्यावर जाऊन येतो, नोंदी तपासतो आणि माझ्या सहीने अहवाल जातो. अशा सह्या मी फोनवर बोलता बोलता करत असे, यावरून त्या कामाकडे माझे किती लक्ष होते ते समजा.

एका सकाळी हवालदाराने त्यातला एक कागद बाजूला काढला. हवालदार सटाण्याकडचा, निवृत्तीला टेकलेला, पण नजर पक्की.

"साहेब, ह्या डॉक्टरीणबाईंच्या नावानं टपालात निनावी अर्ज आलाय. आणि बघा तरी, लय नियमात लिहिलाय."

खरोखरच नियमात होता. मधोमध विषय, खाली 'महोदय', परिच्छेदांना क्रमांक, पान संपले तिथे 'कृ. मा. प.', आणि शेवटी आयुक्तांना 'प्रत माहितीस्तव'. सहीच्या जागी 'एक जागरूक नागरिक'. अक्षर मुद्दाम वेडेवाकडे काढले होते. मजकूर असा होता, की सदर महिला डॉक्टरच्या हलगर्जीपणामुळे एक वृद्ध रुग्ण दगावला. मरणापूर्वी त्याने घोटभर चहा मागितला असता तिने तो नाकारला. आता चौकशी टाळण्यासाठी ती इंग्लंडला पळून जात आहे, सबब तिला दाखला देऊ नये.

निनावी अर्जावर कारवाई करायची नसते. 'दप्तरी दाखल' असा शेरा मारायचा आणि मोकळे व्हायचे. हे मला पाठ होते. पण आदल्या वर्षी आमच्या हद्दीत एक बोगस डॉक्टर निघाला होता आणि वरून माझी चांगली हजेरी घेतली गेली होती. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. मी शेरा मारला, 'चौकशी प्रलंबित'. त्या दोन शब्दांनी दाखला अडला.

एक गोष्ट तेव्हाच खटकायला हवी होती. बाईंच्या अर्जात देश आखातातला होता आणि निनावी अर्जात इंग्लंड. पण असल्या उचापतखोराला काय कळते, असे म्हणून मी ते सोडून दिले.

पहिला संशय रुग्णालयाच्या मालकावर. तोही डॉक्टरच. या धंद्यात एक रीत आहे: कामावर ठेवताना कनिष्ठ डॉक्टरांची मूळ प्रमाणपत्रे ठेवून घ्यायची, म्हणजे पाखरू उडत नाही. यानेही ठेवली होती. त्याला ठाण्यात बोलावून तासभर ताटकळत ठेवला, मग आत घेतला.

"साहेब, ती गेली तर माझं आयसीयू बसेल, खरं आहे," तो म्हणाला. "पण तिला अडवायचं असतं तर मी कागदच सोडले नसते. ते तर मागच्या महिन्यात दिले. आणि तिच्यावर पेशंट मारल्याचा डाग लावला तर तो माझ्याच हॉस्पिटलला लागणार ना? एवढा मूर्ख दिसतो का मी?"

लबाड दिसत होता, मूर्ख नाही. त्याला सोडला.

मग पंचवटीत गेलो. मेलेला म्हातारा तिथल्या बाजारात भाजी विकणारा. त्याचा मुलगा गाळ्यावरच भेटला.

"तक्रार? आमची कसली तक्रार, साहेब?" तो म्हणाला. "डॉक्टरीणबाईंनी लय केलं हो. दहाव्याला स्वतः येऊन गेल्या. कोण येतं?"

"वडिलांनी चहा मागितला होता?"

"चहाचं नाय बा ठाऊक. मी तवा खाली मेडिकलवर होतो."

म्हणजे चहाची गोष्ट घरच्यांनाही माहीत नव्हती. मला हुरूप आला. जे कोणालाच माहीत नाही ते ज्याला माहीत आहे, तोच आपला माणूस.

संध्याकाळी बाईंना बोलावले. तिशीतली, सडपातळ, ड्यूटी संपवून थेट आलेली. खुर्चीत बसायच्या आधीच तिने विचारले, "दाखला कधी मिळेल, सर? माझी मुदत महिनाअखेर आहे. तिकडचं हॉस्पिटल त्यापुढे थांबणार नाही. इथून दाखला गेला तरच ते राहण्याचा परवाना काढतात."

मी पोलिसी आवाज लावला. "तो म्हातारा गेला त्या दिवशी त्याने तुमच्याकडे चहा मागितला होता का?"

तिचा रंगच उतरला.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"ते मी विचारतोय."

"मागितला होता," ती म्हणाली. "तपासणी व्हायची होती, उपाशी ठेवायचं होतं. मी म्हटलं, आजोबा, तपासणी होऊ दे, मग मीच करून देते. त्याआधीच ते गेले."

"आणखी कुणाला माहीत होतं?"

"नर्सला माहीत असेल." तो अर्ज माझ्या टेबलावर पेपरवेटखाली उलटा पडला होता. तिने त्याच्याकडे पाहिले आणि नजर काढून घेतली. मग म्हणाली, "सर, ही चौकशी इथेच थांबवता येईल का? प्लीज."

चौकशी थांबवा म्हणणारा माणूस पोलिसाला गुन्हेगारच वाटतो. मी जास्तच खोलात गेलो. नर्सांचे जबाब घेतले. चहाचे एकीलाही ठाऊक नव्हते. रुग्णालयाकडून मृत्यूचे कागद मागवले, ते सिव्हिलच्या डॉक्टरांकडे अभिप्रायाला पाठवले. अभिप्राय आला: हलगर्जीपणा आढळत नाही. या सगळ्या धावपळीत महिना संपला. शुक्रवारी तिची मुदत गेली, आणि माझ्या डायरीत त्या दिवशी फक्त 'बंदोबस्त' असे लिहिले आहे.

सोमवारी राहिलेली औपचारिकता म्हणून बाईंच्या वडिलांचा जबाब घ्यायला हवालदाराला घेऊन गेलो. एकलहऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या कॉलनीत वरच्या मजल्यावर घर. गॅलरीतून थर्मल वीजकेंद्राच्या चिमण्या दिसत होत्या. भिंतीवर बाईंच्या आईचा फोटो, हार घातलेला. वडील सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी पाणी दिले, चहा टाकला आणि आम्ही न मागता मुलीची फाइल पुढे ठेवली.

"साहेब, माझ्या मुलीचं सगळं नियमानुसार आहे. हे बघा."

फाइलमध्ये वरच एक तक्ता लावला होता, पट्टीने रेघा मारून केलेला. डॉक्टरने परदेशी राहायला जायचे तर कोणकोणते मार्ग आहेत, ते सगळे त्यात होते. पहिली ओळ इंग्लंड, दुसरी जर्मनी, तिसरी आखात, चौथी ऑस्ट्रेलिया. रकाने असे: परीक्षा, भाषा, परवाना कोणाच्या नावावर, कायमचे राहायला किती वर्षांनी मिळते, नवरा-मुले नेता येतात का. इंग्लंडपुढे लिहिले होते, 'परीक्षा उत्तीर्ण, पुढील शिक्षणास उत्तम'. जर्मनीपुढे 'भाषा शिकणे आवश्यक'. आखातापुढे 'परवाना नोकरीवर अवलंबून, कायम नाही'. खाली लाल शाईत, 'शिफारस : इंग्लंड'.

शेवटच्या रकान्याचे शीर्षक होते 'आई-वडील'. इंग्लंडपुढे लिहिले होते, 'जवळपास अशक्य'. ऑस्ट्रेलियापुढे 'रांग, अनेक वर्षे'. आखातापुढे 'पगार पुरेसा असल्यास नेता येते, दरवर्षी नूतनीकरण'.

"हा रकाना तिने सांगितला होता?" मी विचारले.

"नाही. मीच घातला. तक्ता पूर्ण असावा म्हणून."

मी कोरा कागद पुढे सरकवला. "मुलीच्या वागणुकीबद्दल चार ओळी तुमच्या हाताने लिहून द्या."

त्यांनी चष्मा पुसला. कागदाला डावीकडून चार बोटे घडी घातली, तिच्यावरून नख फिरवले, कागद उलगडला आणि घडीच्या उजवीकडे मधोमध 'विषय' असे लिहिले. कचेरीतली जुनी माणसे समास असाच सोडतात. मी खिशातला निनावी अर्ज काढून शेजारी ठेवला. त्यालाही तीच चार बोटांची घडी होती, आणि दोन्ही घड्या एका रेषेत आल्या.

"राहू द्या, बाबा," हवालदार हळूच म्हणाला. "नका लिहू आता."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. रुग्णालय, पंचवटी, सिव्हिल, सगळीकडे फिरून मी जिथे पहिल्या दिवशी यायला हवे होते तिथे शेवटी आलो होतो.

"अक्षर बदललं होतं मी," वडील म्हणाले. "बाकीचं लक्षातच आलं नाही."

मला संताप आला. "पोरीनं विश्वासानं सांगितलेली गोष्ट तुम्ही तिच्याविरुद्ध वापरली? लाज कशी नाही वाटली?"

"तिची आई गेल्यापासून ती ड्यूटीवरून आली की सगळं मलाच सांगते. त्या दिवशी फार रडली." ते तक्त्याकडे बघत बोलत होते. "इंग्लंडची शिफारस मीच केली. तिच्या भल्याचं तेच होतं. पण शिफारशीखाली सही केल्यावर घरात बसवेना. वाटलं, दाखला जरा लांबेल. एखादं वर्ष आणखी राहील. एवढंच." मग कचेरीची भाषा गळून घरची अहिराणी बाहेर आली. "एकच पोर शे मनी, साहेब."

"अहो, पण ती इंग्लंडला जातच नव्हती," मी म्हणालो. "तिचा अर्ज आखातासाठी होता."

त्यांना आधी कळले नाही. मग त्यांचे बोट तक्त्यावर तिसऱ्या ओळीवर गेले आणि सरकत सरकत शेवटच्या रकान्यापर्यंत पोचले. तिथेच थांबले. आत चहा उतू गेला, वास आला, कोणी उठले नाही.

"मग द्या ना तिला दाखला," ते म्हणाले. "आजच द्या. मी लेखी माफी देतो."

"मुदत शुक्रवारी संपली."

हे सांगताना मला थोडे बरे वाटले, हेही कबूल करतो. त्यांची खोड मोडल्यासारखे वाटले. मुदत घालवणारा शेरा माझ्या हातचा होता, हे जिना उतरताना आठवले.

दोन दिवसांनी बाई ठाण्यात आली. मी विषय कसा काढावा याची जुळवाजुळव करत होतो, तोच ती म्हणाली, "मला त्याच दिवशी कळलं होतं, सर. चहाचं मी फक्त नानांना सांगितलं होतं. आणि तो घडी घातलेला कागद. मी लहानपणी त्याच समासात लिहायला शिकले."

"मग तेव्हाच बोलायचं नाही का?"

"चौकशी थांबवा म्हटलं होतं मी."

मी कायद्याच्या आडोशाला गेलो. "खोटी माहिती दिल्याचा गुन्हा होतो. तुमची इच्छा असेल तर—"

"कुणावर? अर्ज निनावी आहे ना? मग निनावीच राहू द्या."

"आखाताचं त्यांना आधी सांगितलं असतं तर?"

"माझ्यासाठी करिअर बिघडवू नको, म्हणाले असते. शिफारस लाल शाईत होती ना. म्हणून ठरवलं, परवाना हातात आला की मगच सांगायचं. त्यांचाही काढणार होते." तिने पर्समधून नव्या अर्जाची पावती काढून टेबलावर ठेवली. देशाच्या जागी इंग्लंड होते. "शेवटचा रकाना मी सगळ्यात आधी वाचला होता, सर. आता तो बघायची गरज नाही."

तिचा नवा कागद आला त्याच दिवशी मी अहवाल पाठवला. एवढ्या तातडीने केलेली माझ्या नोकरीतली ती बहुधा एकमेव सही. ती इंग्लंडला गेली.

बापाच्या मायेचे गोडवे सगळेच गातात. ती माया चार बोटे समास सोडून, परिच्छेदांना क्रमांक घालून लिहिलेली मी पाहिली आहे. या प्रकरणाने मला शिकवले ते एवढेच, की निनावी अर्ज लांबचा माणूस लिहीत नाही. लांबच्याला आपले इतके माहीतच नसते. म्हणून असा अर्ज आला की तो उघडून बघण्याची पोलिसाला जी खाज सुटते ती आवरावी. नियम करणाऱ्याने तो उगाच केलेला नाही. त्यानंतर मी प्रत्येक निनावी अर्जावर 'दप्तरी दाखल' लिहिले. उशिरा आलेले शहाणपण फक्त पुढच्यांच्या कामी येते.

निवृत्तीनंतर एकदा नाशिकरोडला बँकेत तिचे वडील भेटले. मला वाटले ओळख देणार नाहीत. उलट शेजारी येऊन बसले, पिशवीतून फाइल काढली.

"साहेब, नुसतं भेटायला जायचं तर पोलिसांचा दाखला लागतो का?"

"नाही लागत."

"अर्ज भरून ठेवलाय मी. फक्त बोलावणाऱ्याचं पत्र जोडायचं राहिलंय."

"मग मागवा की तिच्याकडून."

"दर रविवारी फोन करते. गोळ्या विचारते, ब्लडप्रेशर विचारते." त्यांनी फाइलची दोरी परत बांधायला घेतली. "चुकत नाही एकही रविवार. पत्राचं मी काढलं की म्हणते, बघू नाना, चौकशी करते."