परसोंपासून

"परवापासून उदास, आणि रजा महिन्याची? काका, दुःखालाही काही प्रमाण असतं!"

काचेच्या केबिनमधून बाहेर येऊन व्यवस्थापकांनी माझा अर्ज सर्वांसमोर नाचवला. 'कधीपासून?' असे त्यांनी विचारले होते. 'परसोंपासून,' मी म्हणालो होतो. ते पुण्याचे. आम्हा हैदराबादकरांचा परसों म्हणजे गेलेला कुठलाही दिवस, हे त्यांना ठाऊक नव्हते. विचारावे असेही वाटले नाही. सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याची लाज अजून गेलेली नाही.

उदारीकरणाची ती पहिली वर्षे. कंपनीच्या विधी विभागात नोटिसा लिहिण्यात माझे उभे आयुष्य गेले होते. त्याच महिन्यात व्यवस्थापकांच्या भाच्याला, संगणक विभागातल्या तरुण अभियंत्याला, 'डिप्रेशन' झाले. भरपगारी रजा. समुपदेशन कंपनीच्या खर्चाने. मंजुरीच्या पत्राचा मसुदा माझ्याच हातचा. लिहिताना मी जळत होतो. त्याच्या पगारावर नव्हे, त्या एका शब्दावर. झोप त्याची उडाली होती, माझीही. घास त्याच्या घशाखाली उतरत नव्हता, माझ्याही. त्याचा तो आजार. माझे ते नखरे.

मत्सरापोटीच मी, भाचा जात असे त्याच अंबरपेठेतल्या समुपदेशक बाईंकडे गेलो. बरे व्हायला नव्हे. त्याला तिथे काय मिळते, ते पाहायला.

"कबसे है, साब?"

"परसों से."

त्या हसल्या नाहीत. "ये परसों कित्ते साल का है?"

मी बोटांवर वर्षे मोजली. "ग्यारह."

हा आळस नव्हे, आजार आहे, त्यावर उपाय आहे, असे सांगणाऱ्या त्या पहिल्याच. दर गुरुवारी जाऊ लागलो. बोलता बोलता उमगले की अकरा वर्षे मी स्वतःलाच कारणे दाखवा नोटीस बजावत आलो होतो.

चौथ्या गुरुवारनंतर अर्ज नव्याने लिहिला. कारण: नैराश्य. केव्हापासून: परसोंपासून. तो शब्द खोडला नाही. खाली त्याची व्याख्या दिली. समान आजारास समान रजा, एवढीच मागणी. भाच्याचे नाव घातले नाही. त्याचे दुःख माझे प्रतिवादी नव्हते.

व्यवस्थापकांनी या वेळी अर्ज हळू आवाजात वाचला. "काका, हा निव्वळ मत्सर आहे."

"आहे, साहेब. अर्ज मात्र मी मागे घेणार नाही. नकार द्यायचा तर लेखी द्या. कारणासह."

कुणी हसले नाही. मीही नाही. पोचपावतीवर सही होईपर्यंत मी टेबलापुढून हललो नाही.