कॅमेऱ्यासमोर दही-साखर

माझ्या मुलाचं शिक्षण मी दोनदा बंद पाडलं आहे.

पहिल्यांदा, इंटरनेट फोनच्या तारेतून यायचं तेव्हा. श्रीकांत वर संगणकावर धडा उघडून बसायचा. मी खाली ग्लासगोच्या बहिणीशी बोलायला फोन उचलला की त्याचा धडा गायब. आमच्या गप्पा लांबत. त्याने तो कोर्स सोडला. पुढे तारा गेल्या, मास्तर पडद्यावर बोलू लागले. मला वाटलं, आता माझा उपद्रव संपला.

यंदा त्याच्या कंपनीने कळवलं, नवी परीक्षा पास व्हा नाहीतर नोकरी सोडा. परीक्षा घरूनच, कॅमेऱ्यासमोर. खोलीत दुसरं माणूस चालणार नाही. श्रीकांत आमच्या वॉटफर्डच्या घरातल्या वरच्या चिमुकल्या बॉक्स रूममध्ये जाऊन बसला, दार लावलं, आणि मला आठवलं, पोरगा हातावर दही-साखर न घेताच गेला! (पोरगा पन्नाशीचा.)

"आई, तुम्ही वर जायचं नाही," सून म्हणाली.

"मी कुठे जातेय?"

जिन्यावर बसले. उठले. चहा गरम केला, प्यायला नाही. पुन्हा जिन्यावर. सून मागे कपडे वाळत घालायला गेली तशी मी वाटी घेऊन वर.

कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून रांगत गेले. (गुडघे नवे बसवलेत. डॉक्टरांना सांगू नका.) टेबलाखालून चमचा वर केला.

"आई, जा," श्रीकांत ओठ न हलवता म्हणाला.

"उजवा हात पुढे कर."

"बोलू नकोस."

"मग मुकाट्याने चाट."

तेवढ्यात परीक्षेवर नजर ठेवणारी संगणकातली बाई म्हणाली, खोली दाखवा. त्याने लॅपटॉप फिरवला. पडद्यावर मी, वाटीसकट.

"या कोण?"

"माझी आई."

"वाटीत काय आहे?"

"योगर्ट."

"आणि वाटीवर काय लिहिलंय?"

आता भांड्यावर नाव घालायचं नाही तर कशावर? श्रीकांतला ते सगळं इंग्रजीत सांगावं लागलं: बापूमामांकडून, चिरंजीव श्रीकांतच्या मुंजीत, सप्रेम भेट.

"मुंज म्हणजे?"

तो सांगू लागला.

"डोक्याचा गोटा केला होता, तेही सांग," मी खालून म्हणाले.

परीक्षा रद्द झाली.

फेरपरीक्षेला सुनेने मला लायब्ररीत नेऊन बसवलं आणि शेजारी स्वतः बसली. पहिलीपासून श्रीकांतने एकही परीक्षा माझ्या हातच्या दह्याशिवाय दिली नव्हती, आणि प्रत्येकीत काठावर पास झाला होता. ही पहिलीच बिनदह्याची.

नव्वदच्या वर मार्क पडले.