दुसऱ्याला वाढू नये

तमाम भुकेल्या आणि अर्धपोटी जनतेस कळवण्यास अत्यंत दुःख होते, की कोल्हापुरात माणसानं स्वतःच्या हातानं वाढून घ्यावं, हा आमच्या दाजींचा महान प्रयोग फसला. भूक कमी पडली म्हणून नव्हे. आग्रह जास्त झाला म्हणून.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सत्तरच्या दशकात मुंबईच्या एका लग्नात त्यांनी बफे पाहिला आणि परत येऊन गिरणीतली कायमची नोकरी सोडली. "वाढपी नको, पंगत नको. ताटाचा दर एकच; मांडून ठेवायचं, ज्याचं त्यानं घ्यायचं. पोटभर!"

"आणि न्हाय चाललं तर?" ताईनं विचारलं.

"तर गिरणीच्या दारात टोपी काढून उभा ऱ्हातो."

पण चाललं की! आधी कोल्हापुरात खानावळ, मग उचगावात, मग हुपरीत. तांबडा, पांढरा, सुकं मटण, भाकरी, सगळं टेबलावर ओळीनं. दाजींनी सफारी शिवली. धंद्याचं गुपित एकच होतं : चारचौघांत आपल्याच ताटात वाढून घ्यायला माणसं लाजायची. एक भाकरी, पळीभर रस्सा, की झालं पोटभर.

मग शिरोळचा एक ऊसवाला आला. त्यानं पळी उचलली आणि शेजारच्या अनोळखी माणसाच्या ताटात रस्सा ओतला. "घ्या की पावणं, लाजताय कशापायी?" शेजाऱ्यानं लगेच उलट वाढलं. आपल्या ताटाची लाज, दुसऱ्याच्या ताटाला कसली? महिन्याभरात तिन्ही ठिकाणी हीच तऱ्हा. मीही हिरिरीनं वाढलं, खोटं कशाला बोलू. दुपारी एक वाजताच पातेली खडखडीत. दाजींनी भिंतीवर पाटी लावली : 'दुसऱ्याला वाढू नये.' ऊसवाल्यानं ती मोठ्यानं वाचली आणि म्हणाला, "मी कुठं दुसऱ्याला वाढतोय? हे आपलंच पावणं!"

हुपरी बंद झालं, उचगाव बंद झालं. कोल्हापूरचाही शेवटचा दिवस उजाडला. उद्या दाजी गिरणीच्या दारात उभे राहणार, हे सगळ्यांना ठाऊक. कुणी पळीला हात लावेना. ऊसवाला अर्धी भाकरी पुढ्यात घेऊन मान खाली घालून बसलेला.

दाजींना ते बघवेना. सफारीच्या बाह्या सारून त्यांनी पातेलंच उचललं. "अवो, एवढ्यानं काय हुतंय? घ्या!" मागून ताई भाकऱ्या टाकत निघाली. लोक हसायला लागले, दाजी सगळ्यांत जास्त. ऊसवाल्यानं ताटावर दोन्ही हात आडवे धरले, तांबडा बोटांवरून ओघळला, आणि तो ओरडला,

"मालक, पाटी वाचा की!"