बोथ्याच्या घाटात बस मागे घेताना

मी गाव सोडलं त्या दिवशी आई बुलढाण्यापर्यंत सोबत आली. पिंपळगाव राजाहून खामगाव, तिथून बोथ्याच्या घाटाने वर. पुढे मला पुण्याची गाडी धरायची होती. मी बस चालवायला शिकायला निघाले होते आणि घरात हे फक्त आईला पटलं होतं.

आई घाटावरची. लग्न होऊन घाटाखाली आली तेव्हा तिच्या बोलण्याला सासरी हसायचे. ती 'मले-तुले' शिकली, तर मग माहेरचे हसायला लागले. घाट चढून गेल्यावर तिने मला दोन्हीकडचा उतार दाखवला. इकडचं पाणी ज्ञानगंगेतून पूर्णेला जातं, तिकडचं पैनगंगेला, असं सांगत राहिली. स्टँडवर निरोप घेताना मात्र एवढंच म्हणाली, "तिथं बोलायले लाजू नको."

मी लाजलेच. 'का'ऐवजी 'काऊन' म्हटलं की डेपोतली माणसं ते पुन्हा म्हणायला लावायची. म्हणून शहरी मराठी शिकले. फ्लायओव्हर, सिग्नल, ट्रॅफिक अंगवळणी पडलं. हडपसरला संसार मांडला, मुलगी झाली. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर पडले, त्यांना हे नव्याने सांगायला नको. फोनवर आईशी बोलतानाही आवाज खाली घ्यायची सवय लागते.

मग माझ्या बसकंपनीने मला पुणे–खामगावच्या गाडीवर टाकलं. मागच्या श्रावणात परतीच्या फेरीला आई खामगावात चढली. बुलढाण्याला मामाकडे निघाली होती. घाटात धुकं इतकं, की काचेपलीकडे झाडंही दिसेनात. एका वळणावर उतरणारा भरलेला ट्रक समोर आला. रस्ता चिखलाने अर्धा खाल्लेला. भरलेल्या ट्रकला चढावर मागे जाणं शक्य नव्हतं. बसच मागे घ्यायला हवी होती, आणि डाव्या हाताला दरी.

मागचे एक गृहस्थ उठून पुढे आले. बाईंनी उतरावं, ट्रकवाल्याला बस मागे घेऊ द्यावी, असं त्यांचं म्हणणं. मी काही बोलायच्या आत पहिल्या सीटवरून आई म्हणाली, "दादा, बसा. तिले घाट शिकवू नका."

ते बसले. खाली उतरून मागे उभ्या राहिलेल्या पुण्याच्या कंडक्टरला मी ओरडून विचारलं, "मांगं पाह्य बे, किती जागा हाय?" इतक्या वर्षांत त्याने माझ्या तोंडून हे बोलणं ऐकलं नव्हतं, पण बरोबर समजला. त्याच्या शिटीवर इंच-इंच मागे सरकत गाडी रुंद जागेत आणली. ट्रक हळूच बाजूने गेला. त्याच्या ड्रायव्हरने हात वर केला, मीही केला.

बुलढाण्याला मामा न्यायला आले होते. आई पिशवी त्यांच्या हातात देत म्हणाली, "गाडी हिनंच आणली." मामा पुढे येऊन बसची चिखलाने माखलेली चाकं बघू लागले.

गाव कुठलं, असं पुण्यात कुणी विचारलं की पूर्वी मी 'विदर्भ' म्हणून मोकळी व्हायचे. आता सांगते, जिल्हा बुलढाणा, मी घाटाखालची, आई घाटावरची. ऐकणाऱ्याला सवड असली तर तो घाट कसा चढतात तेही सांगते, माझ्याच बोलीत.