आरडाओरडा, बडबड आणि वहिनीची कॅसेट

"अरं बंद कर की ते! म्हस पान्हा चोराय लागली माझी!"

भिंतीपलीकडून गवळीमामा ओरडत होते. शनिवारची दुपार, चार वाजलेले, म्हणजे मामांची धार काढायची वेळ. आणि मी थोरल्या भावाच्या घरी बाहेरच्या सोप्यात तालमीचा कमरेएवढा स्पीकर लावून बसलेलो. त्यातून दोन विलायती गिटारी आणि एक ढोल अशी काही मारामारी चाललेली की कोनाड्यातले देव पुढे सरकत होते.

"मामा, आवडलंय तिला! मान हालवतीया का न्हाई बघा!" मीही ओरडलो.

"मान? खुंटा उपटला तिनं! तुझ्या त्या गोऱ्यांना म्हणावं या आता धार काढाय!"

खुंटा मी नंतर जाऊन पाहिला. चार बोटं हलला होता. पण गल्लीत सांगताना मी म्हैस खुंट्यासकट रंकाळ्यापर्यंत नेली आणि गाणं संपेस्तोवर तिला तिथं पाण्यात उभी केली. माझा धंदाच तसा आहे. कुस्तीच्या मैदानात मी माईकवर बोलतो. मुरगूडपासून शाहूवाडीपर्यंत कुठल्याही जत्रेत विचारा, माझ्या तोंडून बाहेर पडलेला पैलवान सहा फुटांच्या खाली कधी आलेला नाही.

तर म्हैस हलली, खुंटा हलला, देव हलले. स्पीकरपासून दोन हातांवर खुर्चीत बसलेला दादा तेवढा हलला नाही.

तीन महिन्यांपूर्वी वहिनी गेली. सकाळी चहाचं आधण ठेवलं आणि गॅसच्या ओट्याला टेकून खाली बसली, ती बसलीच. रिक्षा येईपर्यंत सगळं आटपलं होतं. त्या दिवसापासून दादा या खुर्चीत आहे. उद्यमनगरात त्याचं लेथ मशीन आहे, ते बंद. ताट पुढं ठेवलं तर जेवतो, उठवलं तर उठतो, विचारलं तर 'हं' म्हणतो. रडलेला कुणी पाहिला नाही. डॉक्टर म्हणाले, तब्येत ठणठणीत आहे, वेळ द्या. वेळ दिला. त्यानं तोही 'हं' म्हणून ठेवून घेतला.

आणि त्याची एकुलती एक लेक, माझी पुतणी, पुण्याची नोकरी सोडायला निघाली होती. दोन वर्षं धडपडून मिळालेली नोकरी. रजा वाढवून वाढवून संपलेली, सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर नाव कमी. शुक्रवारी ती मला म्हणाली, "काका, बाबा धड एक वाक्य बोलले तर मी जाईन. नाहीतर राजीनामा लिहून ठेवलाय."

"एवढंच व्हय? रविवारच्या आत भाषण करतोय बघ तुझा बा!" मी छातीवर थाप मारून म्हणालो. माझी छातीही माझ्या बोलण्याएवढी नाही, पण थाप चांगली वाजते.

माझा सगळा भरवसा दादाच्या कॅसेटींवर होता. आम्ही तरुण होतो तेव्हा गावात एक रेकॉर्डिंगवाला होता. दोन डेक, एक स्टूल आणि भिंतीला टेकलेला स्वतः. कोरी कॅसेट द्यायची, चार दिवसांनी भरून घ्यायची. दिवसभर तो भजनं आणि तमाशाच्या गवळणी भरायचा. लेथवर घामाघूम झालेला माझा भाऊ त्याच्याकडून विलायती अल्बम भरून आणायचा. त्याला हे वेड कुठून लागलं ते मला माहीत नाही. मी लोकांना सांगतो की लेथ चालू असताना त्याला तोच ताल ऐकू यायचा. खरं असेल किंवा नसेलही.

रेकॉर्डिंगवाल्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं. तो पहिली दोन गाणी ऐकायचा आणि आपला निकाल मराठीत कॅसेटीवर लिहून मोकळा व्हायचा. त्यामुळं आमच्या घरात रॉकच्या अल्बमचं नाव होतं 'लांब केसवाले'. मेटलचे दोन होते, 'आरडाओरडा' आणि 'आरडाओरडा, जादा'. पुढं काही वर्षांनी हिप-हॉप आलं, त्यावर लिहिलेलं 'बडबड (दमत नाही)'. खरी नावं आम्ही कधी विचारलीच नाहीत. वहिनी आतून म्हणायची, "आज आरडाओरडा नगं हां, डोकं दुखतंय, लांब केसवाले लावा." आणि त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही.

आमच्या घरचा डेक कधीच मोडीत गेला. म्हणून शुक्रवारी रात्री मी गुणगुणत बसलो आणि पुतणी मोबाईलवर शोधत बसली. माझ्या गुणगुणण्यावरून पहिल्यांदा एक जाहिरात सापडली आणि दुसऱ्यांदा कुठली तरी आरती. पण शनिवारी सकाळपर्यंत सगळे अल्बम जमले.

सकाळी नऊला लांब केसवाले लावले. दादा: हं. बाराला बडबड लावली. मी स्वतः उठून तोंडातल्या तोंडात तसली बडबड केली, त्यात बिद्रीच्या कारखान्यावरच्या ऊसगाड्या घातल्या, गवळीमामांची म्हैस घातली, पुतणी हसता हसता खाली बसली. दादा माझ्याकडं बघत होता, पण एसटीची वाट बघणारा माणूस समोरची भिंत बघतो तसा. मग चार वाजता आरडाओरडा, त्यानं म्हशीचं काय झालं ते सांगितलंच.

खरं सांगायचं तर एव्हाना मीही आतून गार पडलो होतो. वहिनी गेल्यापासून मलाही रडू आलं नव्हतं. स्मशानात मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होतो की दोन हजार माणूस लोटलंय. साठ-सत्तर होते. पंधरा दिवसांनी जत्रेत माईक हातात घेतला, घसा फोडून बोललो, लोकांनी शिट्ट्या मारल्या, आणि मला माझाच आवाज शेजारच्या घरातल्या रेडिओसारखा ऐकू येत होता. कुणी विचारलं तर मी बरा आहे म्हणतो. दादाला हलवायचं म्हणत होतो, पण या गाण्यांतलं काहीतरी आपल्यालाच लागावं असंही वाटत होतं. काही लागलं नाही.

"काका, एक राहिलंय," पुतणी म्हणाली.

ते मी मुद्दाम मागं ठेवलं होतं. रेकॉर्डिंगवाल्यानं 'गोरी बाई' लिहिलेलं. तो पॉपचा अल्बम वहिनीचा. लग्नानंतर दादानं तिच्यासाठी भरून आणलेला, आणि ती भाकरी थापताना रोज लावायची. इंग्रजीचं एक अक्षर कळत नसताना तिला सगळी गाणी पाठ होती. शब्द तिचेच, सूर त्या बाईचे.

"लावू?" पुतणीनं विचारलं.

मी दादाकडं पाहिलं. दादा खिडकीकडं बघत होता. म्हटलं, "लाव. आवाज कमी ठेव, मामांची धार राहिलीया."

पहिलं गाणं, दुसरं गाणं. पुतणी ओठ हलवत होती. मी उगाच मधेमधे 'वा' म्हणत होतो. शेवटचं गाणं सुरू झालं तेव्हा मी सरसावून बसलो, कारण ते गाणं आमच्या घरात कधीच पुरं झालेलं नव्हतं.

भानगड अशी की दादा नेहमी साठ मिनिटांची कॅसेट द्यायचा. अर्धा तास या बाजूला, अर्धा त्या. अल्बम लांब असला की रेकॉर्डिंगवाला बाकीचं सोडून द्यायचा. टेप संपली की गाणं तिथंच तुटायचं, मधल्या शब्दावर, खट्. आमचे निम्मे अल्बम असे तुटलेले. कित्येक वर्षं मला वाटायचं की विलायतेत गाणी अशीच संपवतात. या गाण्यातही ती बाई आवाज चढवत चढवत वर जायची आणि खट्. मग वहिनी स्वयंपाकघरातून त्याच सुरात ओळ पुरी करायची, "भाकरी झाली, या गं बाई जेवाया!" आणि आम्ही पाट घ्यायचो. वीसेक वर्षं या घरात जेवणाची वर्दी तीच होती.

बाई वर चढू लागली. चढली. ती जागा आली.

आम्ही तिघं थांबलो. गाणं थांबलं नाही.

ते पुढं गेलं. ढोल बंद झाला, बाकीची वाद्यं एकेक करून गेली आणि ती बाई एकटीच हळू आवाजात गात राहिली. चांगलं मिनिट-दीड मिनिट. मी ते गाणं हजार वेळा ऐकलं असेल, ही मात्र अतिशयोक्ती नाही, आणि मला हे ठाऊक नव्हतं की ती शेवटी अशी खाली उतरते. मग एक श्वास ऐकू आला आणि संपलं.

"आईला हे माहीतच नव्हतं," पुतणी म्हणाली आणि रडायला लागली.

मी वाट बघितली. म्हटलं आता मलाही रडू येईल. घशाशी, डोळ्यांत, कुठंतरी. पलीकडं बादलीत धार पडायला लागली होती, ती ऐकत राहिलो. दूध चांगलं येत होतं.

मला राहवेना. मी मैदानातल्या आवाजात ओरडलो, "दादा! आरं ऐकलंस का न्हाई? वैनीचं गाणं हाय! शेवट हाय तो! काय वाटलं का न्हाई तुला? बोल की कायतरी!"

दादानं मान वळवली. आधी लेकीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"काय वाटलं न्हाई," तो म्हणाला. "उद्या हिला गाडीत बसवून ये."