राखुंडी आणि लेझर

"ही दाढ किडायला लागल्यासारखी वाटतेय," डॉक्टर म्हणाल्या. मला दुखत काहीच नव्हतं. खरं तर आमच्या यांची दाढ काढायला आम्ही धायरीहून आलो होतो. आलाच आहात तर तुमचेही दात बघू, असं म्हणून त्यांनी मलाही खुर्चीत बसवलं होतं. खाचेत काळी रेघ होती. उद्या नीट तपासू, म्हणाल्या.

माझ्या डावीकडच्या दाढा आधीच गेलेल्या आहेत. भाकरी चावायची ती याच उजव्या दाढेवर. ती कोरली, भरली, पुढे काढावी लागली तर मी खायचं काय? घरी येऊन चक्क रडले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी हवेने दाढ कोरडी करून पाहिली. इनॅमल म्हणजे दाताचं कडक कवच. कीड सुरू होताना त्यावर पांढुरका डाग पडतो आणि तो कोरड्या दातावरच नीट दिसतो. तसा डाग नव्हता. मग लेझर फ्लुरोसन्स. यात पेनासारखं यंत्र खाचेवर टेकवतात आणि परत येणाऱ्या प्रकाशावरून ते किडीच्या अंदाजाचा आकडा दाखवतं. माझा आकडा भराभर चढला, यंत्र कोकलायला लागलं.

डॉक्टर थांबल्या. "सकाळी दात कशाने घासलेत?"

"राखुंडीने. डॉक्टरांकडे यायचं तर तोंड स्वच्छ नको का?"

आमच्याकडे पाहुणे येणार म्हटलं की अंगण झाडतात, तसंच मी केलं होतं. पण खाचेतली ती काळी पूड यंत्राला किडीसारखीच वाटते. डॉक्टरांनी दाढ ब्रशने घासून, धुऊन पुन्हा मोजली. आकडा मुकाट खाली आला. हे कळल्यावर आमचे हे म्हणाले, "लग्नालासुद्धा एवढी तयारी केली नव्हतीस."

शेवटी बाइटविंग एक्स-रे काढला. दोन दाढांच्या मधली जागा डोळ्यांना दिसत नाही, तिथलं त्यात दिसतं. तिथे मात्र खरंच एक पुसट सावली होती, फक्त इनॅमलमध्ये. म्हणजे जिथे संशय होता तिथे काही नव्हतं आणि जिथे कुणी पाहिलं नव्हतं तिथे सुरुवात झाली होती. म्हणून सांगते, कुठल्याही एकाच तपासणीवर घाबरू नका आणि निर्धास्तही होऊ नका.

"अजून खड्डा पडलेला नाही, त्यामुळे कोरायचं नाही," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी फ्लोराइड वार्निश, म्हणजे इनॅमल बळकट करणारा लेप लावला आणि दातांच्या फटींत रोज दोरा फिरवायला शिकवलं. काही महिन्यांनी पुन्हा एक्स-रे काढला. सावली तेवढीच होती. माझी दाढ शाबूत ठेवणाऱ्या या बाईंचे किती आभार मानू?

परवा पुढच्या तपासणीला निघाले, तर जाऊबाईंनी दारातच अडवलं. "दाढ दुकतीय व्हय?"

"नाही हो. दुखत नाही, म्हणूनच चाललेय."